हरलेला कुठे राहतो?

“आले बघ. परत कोणीतरी हरलेला सापडलाय वाटतं,” आमच्या टायपिंग क्लासचे सर चहावाल्याला हळूच म्हणाले आणि दोघंही हसले.

मी पार्टिशनच्या मागे मशीनची रिबन बदलत होते. खिडकीतून खाली पाहिलं. एक गृहस्थ हात सरळ आडवा धरून रिक्षा थांबवत रस्ता ओलांडत होते. मागून जणू पलटण येते आहे आणि ती पूर्ण पार होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, असे. मागे कोणीच नव्हतं. रिक्षावाले मात्र थांबले होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तुम्ही डोंबिवली पूर्वेला राहत असाल, तर तुम्हीही त्यांच्यासाठी कधीतरी थांबला असाल. उजवा पाय किंचित ओढत चालणारे, आरशासारखे चमकणारे बूट घातलेले मेजरसाहेब.

ते जिना चढून दारात उभे राहिले. “आत येऊ?”

आमच्या क्लासमध्ये असं कोणी विचारत नसे, त्यामुळे उत्तर द्यायचं असतं हे कोणाला सुचलं नाही. ते उभेच. शेवटी मी म्हणाले, “या.” माझ्यासारख्या मुलीच्या मानाने हे बरंच बोलणं होतं.

मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी बोलायचे, पण मराठीत लिहायची वेळ कधी आली नव्हती. बी.ए. झाल्यावर क्लासमध्ये इंग्रजी टायपिंगच्या कामाला लागले. मराठी मशीनवरची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा सरांनी मला तिच्या खुर्चीवर बसवलं. “बोटंच चालवायचीत गं, त्याला काय भाषा लागते?” असं त्यांचं म्हणणं. आणि पहिलंच काम आलं ते मेजरांचं. ठाणे जिल्ह्यातल्या खेळांचा इतिहास.

मी टाइप केलेलं पहिलं पान त्यांनी वाचलं. एकाही चुकीखाली रेघ मारली नाही. फक्त म्हणाले, “तुम्ही शब्द बघून मारताय. ऐकून मारा. उद्यापासून माझ्या घरी या, मी सांगतो.” एकवीस वर्षांच्या मुलीला ‘तुम्ही’ म्हणणारा मला भेटलेला तो पहिला माणूस. सरांनी मशीन रिक्षातून त्यांच्या घरी पोचवलं. पुढची काही वर्षं माझ्या दुपारी टिळकनगरमधल्या त्या दोन खोल्यांत गेल्या.

आज मी जे काही मराठी लिहिते आहे, ते तिथे ऐकलेलं आहे.

मेजर कॉलेजात असताना धावायचे. लांब पल्ल्याच्या शर्यती. मग सैन्य, मग एक युद्ध, त्यात गुडघा गेला. त्याबद्दल विचारलं की म्हणत, “गुडघा सरकारजमा झाला.” त्यापुढे अक्षर नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हा इतिहास हाती घेतला. कल्याणच्या तालमी, खाडीतल्या होड्यांच्या शर्यती, आंबिवलीकडचे कबड्डीचे संघ, गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या. लोक त्यांना सांगायला उत्सुक असत. कोणाचे आजोबा, कोणाचे काका, अमक्या साली अमकी कुस्ती मारली. मेजर शांतपणे ऐकून घेत आणि मग तो प्रश्न विचारत, ज्यावरून आमचे सर त्यांची टिंगल करायचे.

“बरं. हरलेला कुठे राहतो?”

ही त्यांची पद्धत. हरलेल्याला भेटल्याशिवाय ते निकाल लिहीत नसत. तो वारला असेल तर त्याचा भाऊ, त्याची बायको, त्याच्या तालमीतलं कोणीतरी. “जिंकलेल्याला कप आठवतो हो,” ते मला सांगत, “शर्यत हरलेल्यालाच आठवते.” एकदा टिटवाळ्याच्या पुढे एका पैलवानाला शोधत गेले, तर त्याने दार उघडून सांगितलं, “हरलो ते गावाला माहीत आहे, आता छापून सासरवाडीला पण कळवता का?” मेजर ओसरीवर बसून राहिले. अखेर त्याने चहा दिला आणि चितपट कसा झाला, ते उठून करून दाखवलं. उठताना त्याला हात द्यावा लागला.

काकू, म्हणजे मेजरांच्या पत्नी, आतून भाजी चिरता चिरता सगळं ऐकत असायच्या. त्यांचं बोलणं पोह्यांवरच्या लिंबासारखं असे. “जिल्ह्यातले हरलेले संपले की घरातल्यांकडेही बघा,” असं एकदा त्या म्हणाल्या. मेजर हसले. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. मला अशा वेळी कुठे बघावं कळत नसे.

पुस्तक छापायचं कबूल केलं होतं ठाण्यातल्या एका जुन्या क्रीडा मंडळाने. मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. हे मंडळ एके काळी बाळकुम ते कोपरी अशी दौड घ्यायचं, कॉलेजच्या मुलांपासून मिठागरावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना खुली. मेजरांनी आपल्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ती जिंकली होती. तो कप शोकेसमध्ये होता. त्या दौडीबद्दल ते एवढंच बोलत, की सैन्याच्या निवड मंडळासमोर त्यांना विचारलं होतं, “ही दौड कशी जिंकलात, सांगा.” त्यांनी सांगितलं, आणि समोरचे अधिकारी एकमेकांकडे बघून हसले. तिथेच आपली निवड झाली, असं त्यांना कायम वाटायचं.

पुस्तक जवळजवळ झालं, तेव्हा त्या दौडीचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. मेजर ते पुढे ढकलत होते, स्वतःबद्दल लिहायचा संकोच म्हणून. एके दिवशी सांगायला बसले, “त्या वर्षी प्रथम क्रमांक…” आणि आतून काकूंचा आवाज आला.

“अहो, हरलेला कुठे राहतो?”

मशीनवर माझी बोटं तशीच राहिली. काकूंनी गंमत केली होती. पण मेजर उठले, शोकेसपाशी गेले, परत आले आणि म्हणाले, “बरोबर आहे. आज इथेच थांबू.”

दुसरा आलेला त्यांच्याच कॉलेजचा मित्र होता, कल्याणला राहायचा, बँकेतून निवृत्त झालेला. रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. मी टिपणं घ्यायला. तो मेजरांना मिठी मारून म्हणाला, “अरे, मी कसला दुसरा? मी तिसरा. तुझ्यापुढे तो बाळकुमचा अनवाणी पोरगा नव्हता का? तो बाद झाला ना शेवटी?”

“बाद? का बाद?”

“ते मला काय माहीत. मी मागे होतो, मला तुझी पाठ दिसत होती. तुला त्याची दिसली असेल.”

परत येताना मेजरांनी माझी टिपणं मागून दोनदा वाचली. मग म्हणाले, “शेवटाला गर्दी रस्त्यात उतरली होती, पुढे कोण धावतंय ते कळेना. माझ्या पुढ्यात कोणीतरी वाकलं होतं खरं. मला वाटलं, बघणाऱ्यांपैकी कोणी पाया पडतंय.”

बाळकुमला तेव्हा बिल्डिंगा उठायला सुरुवात झाली होती. कोळीवाड्यात विचारत विचारत गेलो. तो म्हातारा ओट्यावर बसून जाळं विणत होता. मेजरांपेक्षा जाडजूड, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा.

“कनचा मेजर? मना मेजर-बिजर नाय ठावं.”

मेजरांनी दौडीचं सांगितलं. म्हाताऱ्याने जाळं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू तो पांढऱ्या चड्डीवाला?” मग घराकडे तोंड करून ओरडला, “अगो, बाहेर ये! मना हरवनारा आलाय बग!”

त्याची बायको बाहेर आली. तिने मेजरांचा ओढत चाललेला पाय आधीच हेरला होता. “यानं? यानं हरवला तुना?” ती म्हणाली, आणि म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग त्याने सांगितलं, आणि हे सांगताना तो हसला नाही. कोपरीला जिथे दौड संपायची तिथे फीत नव्हती. झेंडूचा हार बांधला होता. सकाळी मंडळाच्या लोकांनी त्या जागेची पूजा केली, नारळ फोडला, हाराला हळदकुंकू लावलं. म्हातारा तेव्हाचा पोरगा. सकाळी मासळी द्यायला कोपरीला गेला होता, त्याने ते सगळं पाहिलं होतं. आणि धावत पुढे आला तो सगळ्यांच्या आधी. समोर हार.

“देवाचा हार. सकाली माझ्या डोल्यासमोर पुजलेला. तो छातीनं तोडू? माझ्या आयनं मना घरात घेतला असता? मी वाकलो नि हाराखालून गेलो. मागशी हा आला नि फाटकन तोडला. सगली टाल्या वाजवाय लागली.”

“आणि पंच?” मेजरांनी विचारलं.

“पंच बोलला, हार तोडंल तो पयला. मी बोललो, देवाचा हाय. तो बोलला, अरे येड्या, ती फीत हाय.” म्हातारा थांबला. “मंग पूजा कशाला केली रे त्या फितीची?”



घरी आल्यावर मेजरांनी नियमांचं पुस्तक काढलं. ते काढायची गरज नव्हती, त्यांना पाठ होतं. रेषेवरून ज्याची छाती आधी जाईल तो पहिला. फीत असते ती पंचांच्या सोयीसाठी. ती तोडली काय, न तोडली काय. “म्हणजे मी दुसरा,” ते म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. “निवड मंडळाला मी खोटं सांगितलं. खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, एवढंच.”

“एवढंच म्हणजे पुष्कळ असतं,” काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात लिंबू नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मेजर कप घेऊन बाळकुमला गेले. मीही होते. म्हाताऱ्याने कप उलटासुलटा केला, बायकोला दाखवला आणि परत दिला. “याचा काय करू? सुका जवला भरू त्याच्यात?” मेजर उठायला लागले तेव्हा मात्र त्याने त्यांची बाही धरली. आवाज एकदम खाली आला.

“बुकात माझा नाव छापशील?”

“छापतो.”

“सगला? बापाच्या नावासकट?”

“बापाच्या नावासकट.”

“बाप बोललेला, तूच काहीतरी चुकलास. मरंस्तवर तेच बोलत व्हता.”

त्याने नाव सांगितलं. मी लिहून घेतलं. मेजरांनी माझ्याकडून ते वाचून घेतलं, मग म्हाताऱ्याला विचारलं, “बरोबर?” तो म्हणाला, “परत वाच.” मी परत वाचलं.

ते प्रकरण मेजरांनी एका बैठकीत सांगितलं. मला त्यातली वाक्यं अजून येतात. ‘या दौडीत प्रस्तुत लेखक दुसरा आला,’ अशी सुरुवात होती. टाइप केलेली पानं मंडळाचा माणूस येऊन घेऊन गेला. मुद्रितं दाखवू म्हणाला. कोणी दाखवली नाहीत. मेजर विचारायचे, उत्तर यायचं, “साहेब, प्रेसवाल्याची घाई आहे.”

प्रकाशन ठाण्यात मंडळाच्या हॉलमध्ये झालं. मेजरांना व्यासपीठावर शेवटची खुर्ची होती. नारळ, शाल, भाषणं. मी आणि काकू खाली बसलो होतो. मेजरांनी पुस्तक हातात घेतल्या घेतल्या मधलं ते पान उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून ठेवतात तसे.

पुस्तकात प्रकरण होतं. झेंडूचा हारही होता. फक्त वाकणारा मुलगा नव्हता. मेजरांनी शानदार विजय मिळवला होता आणि मंडळाच्या संस्थापकांच्या हस्ते कप स्वीकारला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचा मुलगा. त्या दौडीचे पंच संस्थापकच होते. अध्यक्षांनी थंड मागवलं.

“मेजरसाहेब, तुम्हीच सांगा. माझ्या वडिलांनी चुकीचा निकाल दिला, हे मंडळाच्याच सुवर्णमहोत्सवात मी छापू?”

“झालं ते छापा.”

“आणि यात तुमचीच शोभा होते हो. तुमची काळजी म्हणून काढलं.” मग हसून म्हणाले, “ज्याला हरल्याचं दुःख व्हायला पाहिजे, तो कोळी तर मजेत जाळी विणतोय. तो काय वाचणार आहे?”

मेजर उठले. त्यांनी थंड घेतलं नव्हतं. “तुम्ही त्याला भेटलाय?” त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत बघू ना साहेब.” पुढची आवृत्ती निघणार नाही हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पंख्यालासुद्धा.

मेजर बाळकुमला गेले नाहीत. जिल्हाभर हरलेल्यांची दारं ठोठावणारा माणूस त्या एका दारापर्यंत जाऊ शकला नाही. मग म्हाताराच आला. पांढरा सदरा घालून, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. दार मी उघडलं.

“बुक आला असा आयकला,” तो म्हणाला.

मेजरांनी त्याला खुर्चीवर बसवलं. कपाटातून पुस्तक काढलं. पान उघडलं आणि वाचायला लागले. मी मशीनपाशी उभी होते आणि मला कळत नव्हतं की काय ऐकते आहे. ‘या दौडीत प्रस्तुत लेखक दुसरा आला.’ ते त्यांनी मला सांगितलेलं प्रकरण होतं, एकही शब्द इकडेतिकडे नाही. छापलेल्या पानावरून नजर फिरत होती आणि तोंडातून न छापलेलं येत होतं. हार, हळदकुंकू, वाकलेला मुलगा. शेवटी त्याचं नाव आलं, बापाच्या नावासकट.

म्हातारा खुर्ची ओढून पुढे सरकला. मग म्हणाला, “कुठं हाय? बोट ठेव.”

मेजरांचा हात हवेत थांबला. मग त्यांनी बोट ठेवलं. मला वाचता येत होतं, म्हणून सांगते. ते बोट त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं.

म्हाताऱ्याने त्या अक्षरांवर अंगठा फिरवला, जाळ्याची गाठ नीट बसली का बघतात तसा. “लांब हाय नाव,” तो खुशीत म्हणाला. मेजरांनी ते पुस्तक त्याला देऊन टाकलं. त्याने बोंबलांच्या पिशवीत जागा करून ते ठेवलं.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा खोटं वाचलंत.”

“वाचलं ते खरं होतं,” मेजर म्हणाले. “छापलंय ते खोटं.”

पण त्यानंतर त्यांनी मला टाइप करायला काही सांगितलं नाही. मशीन काही दिवस झाकून पडलं, मग सरांनी परत नेलं. मेजर संध्याकाळी रस्ता ओलांडताना दिसायचे. हात आडवा धरायचे नाहीत. रिक्षांमधून वाट काढत, इतरांसारखे, घाबरत जायचे. पुढच्या थंडीत गेले. झोपेत गेले, असं काकूंनी सांगितलं.

शोकसभा मंडळाने घेतली, त्याच हॉलमध्ये. काकूंना यायचं नव्हतं. “आपण नाही गेलो तर हे लोक त्यांना आणखी काय काय जिंकायला लावतील,” असं म्हणून त्या आल्या. फोटोला हार घातला होता. झेंडूचाच.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मेजरांचा सैनिकी बाणा, त्यांची चिकाटी. “हा माणूस आयुष्यात कधी हरला नाही,” ते म्हणाले. पुस्तक त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते पान उघडून वाचून दाखवलं. शानदार विजय. त्यांचे वडील. कप.

तेव्हा मला तो दिसला. सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगाजवळ, पांढऱ्या सदऱ्यात बाळकुमचा म्हातारा. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपलं पुस्तक काढलं होतं. बसच्या तिकिटाची खूण घातलेलं पान उघडलं होतं. त्या नावावर त्याचा अंगठा होता आणि तो व्यासपीठावरचं वाचन ऐकत होता. अध्यक्षांच्या तोंडून ते नाव आलं नाही. त्याने अंगठा उचलून खाली पाहिलं. मग मान वर करून हॉलमध्ये ओळखीचं कोणी शोधलं. त्याच्या ओळखीच्या आम्ही दोघीच होतो, आणि काकू फोटोकडे बघत होत्या.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. मला एवढंच दिसलं, की त्याचा बाप म्हणाला होता तेच आता त्याला पटायला लागलं आहे. आपणच काहीतरी चुकलो.

“आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर…” अध्यक्ष माइकपासून बाजूला होत, पद्धत म्हणून म्हणाले.

मी उभी राहिले. खुर्ची वाजली, म्हणून लोकांनी वळून पाहिलं. माइकपर्यंत गेले असते तर वाटेतच माझा आवाज गेला असता, म्हणून होते तिथूनच बोलले. अध्यक्षांकडे नाही, फोटोकडेही नाही. चपलांच्या ढिगाकडे तोंड करून, मेजर सांगायचे त्या चालीत.

“कोपरीची ती दौड मेजरसाहेब हरले होते. पहिला आला नाथा जोमा कोळी. राहणार बाळकुम.”